हिंसा करणारी तरुण मुलं आणि नोंदच न होणारं नैराश्य

ओंजळ
मारामारी, चाकूहल्ला, जबर दुखापत अशा गुन्ह्यांत सापडलेल्या सोळा ते एकवीस वयाच्या मुलग्यांशी समुपदेशक म्हणून माझं रोजचं बोलणं असतं. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून ठिकाण, गुन्हा, कुटुंब यांबद्दल काही लिहिणार नाही. पण हा विषय कामाच्या बैठकीत पाच मिनिटांत गुंडाळला जातो आणि मनात राहतो, म्हणून धागा काढतेय.

अशा मुलाच्या फाइलमध्ये ठरावीक शब्द असतात. आक्रमक. उद्धट. ऐकत नाही. पश्चात्ताप दिसत नाही. झोप कशी आहे, भूक लागते का, पूर्वी आवडणारी कुठली गोष्ट सोडून दिली, मरावंसं वाटतं का, याची नोंद क्वचितच सापडते. नैराश्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोपऱ्यात गप्प बसलेला माणूस येतो. खुर्ची भिरकावणारा मुलगा येत नाही.

खरं तर निदानाच्या पुस्तिकेतच याची सोय आहे. 'डीएसएम' या मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेनुसार नैराश्याचं निदान करायला किमान दोन आठवडे टिकलेली पाच लक्षणं लागतात आणि त्यांत उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक असावंच लागतं. मुलं आणि किशोरवयीन यांच्या बाबतीत मात्र उदासीच्या जागी सततची चिडचिड असली तरी ती धरायची, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पण चिडचिड शिस्तीच्या खात्यात जमा होते, तब्येतीच्या नाही.

एका मुलाशी झालेलं बोलणं थोडं बदलून लिहिते.
'उदास वाटतं का?' 'नाही.'
'रडू येतं?' 'मी काय पोरगी आहे?'
मग झोपेचं विचारलं. 'तीनला जाग येते. मग भिंतीकडे बघत पडतो.'
'आधी काय करायला आवडायचं?' 'गाडीचं इंजिन खोलायला.' 'आणि आता?' 'आता हात लावावासा वाटत नाही. कशालाच नाही.'
जरा थांबून म्हणाला, 'दिवसा कुणी नुसतं जोरात बोललं तरी सटकते माझी.'
त्याच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, 'विनाकारण भांडणं उकरून काढतो.'

नैराश्यामुळे त्याने गुन्हा केला असं मी म्हणत नाही. ते तिथे होतं, कुणी पाहिलं नाही आणि न पाहिल्याने त्याचं आणि त्याच्या आसपासच्या सगळ्यांचं नुकसान चालू राहिलं, एवढं म्हणतेय. तुमचे अनुभव, वाचन, विरोध, सगळं लिहा.

रातराणी
विरोध लिहिते. माझ्या भावावर अशाच वयाच्या एका मुलाने हल्ला केला. ओळख नाही, वैर नाही. गर्दीत धक्का लागला, एवढंच कारण. त्यानंतर सगळीकडे त्या मुलाचं बालपण, त्याचं घर, त्याची मनःस्थिती यांवर बोलणं झालं. माझ्या भावाला झोप लागते का, हे आम्हाला कुणीही विचारलं नाही. तो आजही पाठीमागे पावलं वाजली की थांबून मागच्याला पुढे जाऊ देतो.

नैराश्य असलेली कितीतरी माणसं कुणाला बोटही लावत नाहीत. माझी आई त्यांतलीच. त्यांच्या आजाराला गुन्हेगारीशी जोडून तुम्ही त्यांच्यावर आणखी एक डाग लावताय, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

खडूफळा
दोघींचंही पटतंय. नववी-दहावीला शिकवतो, त्यामुळे एकच भर घालतो. मुलगी गप्प झाली की चार शिक्षक विचारतात, काय गं, बरं नाही का? मुलगा उद्धट झाला की त्याला वर्गाबाहेर काढतात. बाहेर काढलेल्या मुलाला तिथे कोण भेटतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

सांख्यिक
रातराणी, तुमचं म्हणणं आकड्यांतही टिकतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरून सीना फझल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्याचं निदान झालेले ४७,१५८ बाह्यरुग्ण एका बाजूला आणि वय-लिंग जुळवून घेतलेले सुमारे नऊ लाख लोक दुसऱ्या बाजूला. सरासरी तीन वर्षांहून थोड्या जास्त काळात नैराश्य असलेल्या पुरुषांपैकी ३.७ टक्के हिंसक गुन्ह्यात दोषी ठरले, इतर पुरुषांपैकी १.२ टक्के. स्त्रियांमध्ये हेच आकडे ०.५ आणि ०.२ होते. बाकीच्या गोष्टी हिशेबात धरल्यावर नैराश्य असलेल्यांमध्ये शक्यता सुमारे तिप्पट निघाली. आणि तरीही शंभरातले शहाण्णव पुरुष त्या काळात अशा कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरले नाहीत. पहिलं वाक्य एकटं छापलं तर रातराणींच्या आईवर अन्याय होतो. दुसरं एकटं छापलं तर ओंजळ यांच्या समोरचा मुलगा पुन्हा दिसेनासा होतो.

याच अभ्यासातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग भावंडांचा आहे. ज्यांना स्वतःला नैराश्य नव्हतं पण सख्ख्या भावा-बहिणीला होतं, त्यांच्यातही हिंसक गुन्ह्याची शक्यता थोडी वाढलेली, सुमारे दीडपट होती. म्हणजे घर, परिस्थिती, आनुवंशिकता यांचा वाटा आहेच. पण दीडपट आणि तिप्पट यांत अंतर आहे. सगळं खापर घरावर फोडून मोकळं होता येत नाही.

तरुणांपुरतं बोलायचं तर २०१७ साली नेदरलँड्स, ब्रिटन आणि फिनलंड इथल्या तीन दीर्घकालीन अभ्यासांची माहिती एकत्र तपासली गेली. फिनलंडच्या गटात ५७,५२६ जण होते. नैराश्य असलेल्यांपैकी ७.१ टक्के हिंसक गुन्ह्यात दोषी ठरले, नसलेल्यांपैकी ३.६ टक्के. घरची आर्थिक स्थिती आणि आधीची हिंसा लक्षात घेऊनही शक्यता जवळपास दुप्पट राहिली. तीन वेगळे देश, मोजण्याच्या वेगळ्या पद्धती आणि तरी निष्कर्षाची दिशा एकच, म्हणून मी तो गांभीर्याने घेतो. संबंध आहे. तो कारण आहे का, हे मात्र अशा अभ्यासांतून सिद्ध होत नाही.

मनोवेध
मानसोपचाराच्या क्षेत्रात आहे. 'कारण आहे का' याचं उत्तर हो की नाही अशा स्वरूपात मिळणार नाही, कारण वाटा अनेक आहेत आणि त्या दोन्ही दिशांनी जातात.

एक वाट नैराश्याकडून हिंसेकडे जाते. झोप मोडलेली, सहनशक्ती संपलेली, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर सतत तुच्छता वाचणारं मन. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० पासून आक्रमक मुलांमध्ये एक गोष्ट वारंवार दाखवली: संदिग्ध प्रसंगात ही मुलं समोरच्याचा हेतू वाईट धरून चालतात. धक्का चुकून लागला असेल ही शक्यता त्यांच्या मनात येतच नाही. १९९२ साली त्यांच्याच एका गटाने आक्रमक आणि उदास अशा दोन्ही प्रकारच्या मुलांना तपासलं, तर हा कल दोन्हींकडे सापडला. फरक पुढच्या पायरीवर होता. आक्रमक मुलं म्हणत, मी त्याला बघून घेईन. उदास मुलं म्हणत, माझ्यातच काहीतरी खोट आहे आणि ती कायमची आहे. आता ज्या मुलात दोन्ही आहे त्याचा विचार करा. सगळे माझ्या वाईटावर आहेत, मी आहेच वाईट, आणि पुढे माझं काही व्हायचं नाही. ज्याला उद्याची किंमत वाटत नाही त्याला शिक्षेची भीती कशी घालणार? 'फार तर काय होईल, मरेन' हे वाक्य अशी मुलं सहज बोलतात. ऐकणाऱ्याला ती धमकी वाटते. बऱ्याचदा तो आत्महत्येचा विचार असतो आणि तसाच तो तपासायला हवा.

दुसरी वाट उलटी. जेराल्ड पॅटरसन, डेबोरा कॅपाल्डी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या मुलग्यांच्या अभ्यासातून ती मांडली. आधी वागण्याच्या तक्रारी, त्यातून अभ्यासात अपयश, शिक्षकांशी वैर, चांगल्या मित्रांनी तोडणं, आणि या सगळ्या पडझडीतून पुढे नैराश्य. अटक आणि कोठडी ही या वाटेवरची शेवटची ठोकर.

तिसरी वाट म्हणजे दोन्हींचं मूळ एकच असणं: लहानपणची मारहाण, घरात पाहिलेली हिंसा, दुर्लक्ष, डोक्याला झालेली दुखापत, लवकर लागलेलं व्यसन. व्यसन तर प्रत्येक वाटेवर आडवं येतं. दारूने उदासी वाढते आणि हात आवरत नाही, दोन्ही एकाच रात्री.

प्रत्यक्षात एका मुलात या तिन्ही वाटा एकत्र आलेल्या असतात. कुठली आधी, याचा छडा लावण्यात वेळ घालवण्यापेक्षा आज त्याच्यात काय आहे ते नीट तपासावं, असं माझं मत.

न्यायवाट
वकिली करतो, म्हणून एक धोक्याची सूचना. अहवालात 'नैराश्य' लिहिलं की ते दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. बचाव पक्ष म्हणतो, आजारी आहे, दया करा. दुसरी बाजू तोच कागद दाखवून म्हणते, मन अस्थिर आहे, सोडलं तर पुन्हा करेल. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्याच विरोधात वाचली जाते. त्यामुळे 'कुणी विचारलं नाही' ही तक्रार बरोबर असली, तरी विचारलेलं कुठे लिहिलं जातं आणि कोण वाचतं, हे आधी ठरवायला हवं.

आणि सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या माणसाला आपण काय करतोय ते कळत असतं. जबाबदारी संपत नाही. शिक्षा किती आणि कुठे भोगायची, सोबत उपचार कोणते, या प्रश्नांवर त्याचा परिणाम व्हावा, इतकंच.

ओंजळ
रातराणी, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि तुमचा राग रास्त आहे. ज्याला इजा झाली त्याच्या झोपेची चौकशी आधी व्हायला हवी होती. हल्ल्यानंतर सतत सावध राहणं, मागे पावलं वाजली की थांबणं, यावर उपचार आहेत आणि ते कितीही उशिरा सुरू केले तरी उपयोगी पडू शकतात. त्यांना आघातावर काम करणाऱ्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे नक्की न्या. हे मी चर्चेसाठी बोलत नाही, मनापासून सांगतेय.

डागाबद्दल मात्र थोडी असहमती. संबंध लपवून डाग पुसला जात नाही. नैराश्य असलेल्या मुलग्यांपैकी नेमकी कुठली मुलं धोक्याच्या टोकाला जातात, हे जितकं नेमकं सांगता येईल तितकी बाकीची माणसं संशयातून मोकळी होतील. आधी हिंसा झालेली, व्यसन असलेलं, स्वतःला कापून घेणारं मूल वेगळं, आणि तुमची आई वेगळी.

सांख्यिक
कोठडीतल्या मुलांचे आकडे राहिले होते. २०२१ साली १९ देशांमधल्या ४७ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. बंदिस्त किशोरवयीन मुलग्यांपैकी १०.१ टक्क्यांना तीव्र नैराश्य होतं, मुलींमध्ये हे प्रमाण २५.८ टक्के. त्याच मुलग्यांपैकी ६१.७ टक्क्यांमध्ये कंडक्ट डिसऑर्डर, म्हणजे नियम मोडणं, मारहाण, चोरी असं सातत्याचं वर्तन आढळलं.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की ओंजळ काय सांगताहेत ते कळतं. साठ टक्क्यांत दिसणाऱ्या गोष्टीच्या गोंगाटात दहा टक्क्यांची गोष्ट हरवते, कारण पहिली दुसऱ्यांना त्रास देते आणि दुसरी फक्त त्या मुलाला.

आणखी एक. शिकागोच्या बालबंदीगृहात १९९५ ते १९९८ या काळात आलेल्या १,८२९ मुलामुलींचा लिंडा टेपलिन यांच्या चमूने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण तरुणांच्या चौपटीहून जास्त निघालं आणि बहुतेक मृत्यू खुनाचे होते. आज मारणारा आणि उद्या मारला जाणारा ही बऱ्याचदा एकाच गल्लीतली, कधीकधी एकच मुलं असतात.

आई_एका_मुलाची
खूप वेळ नुसतं वाचत होते. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. पोलीस वगैरे काही नाही अजून. पण मागच्या काही महिन्यांत त्याने दार फोडलं, धाकट्याला मारलं, आणि नंतर तासन्तास अंधारात पडून राहतो. वडील म्हणतात माज आलाय. मला भीती वाटते, त्याची आणि त्याच्यासाठीही. त्याला नेमकं विचारू काय? डॉक्टरकडे नेलं तर गोळ्या देतील आणि गोळ्यांनी आणखी बिघडेल असं बहीण सांगते.

मनोवेध
ताई, बरं झालं लिहिलंत. भांडण चालू असताना किंवा ते संपल्या संपल्या विचारू नका. शेजारी बसून, समोरासमोर नाही, काहीतरी करता करता विचारा. भावनेचं नाव घेऊ नका, दिवसाबद्दल विचारा. कधी झोपलास, कधी जाग आली, मित्राकडे जाणं का सोडलंस, शरीर जड वाटतं का. मग थेट विचारा: 'जगूच नये असं वाटतं का?' हे विचारल्याने डोक्यात विचार भरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने बऱ्याच मुलांना सुटका झाल्यासारखी वाटते. उत्तर हो आलं, किंवा धाकट्याला पुन्हा इजा होण्याची भीती असली, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. औषधं, दोऱ्या, धारदार वस्तू हाताशी ठेवू नका. आणि धाकट्याला त्याच्यासोबत एकटं सोडू नका. मोठ्याची काळजी आणि धाकट्याचं संरक्षण यांत निवड करायची नसते, दोन्ही करायचं असतं.

गोळ्यांबद्दल. अमेरिकेत नैराश्य असलेल्या बारा ते सतरा वयाच्या ४३९ मुलामुलींवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनी बरं वाटण्याचं प्रमाण असं होतं: फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध आणि बोधात्मक वर्तनोपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा, बोलून केलेला उपचार) एकत्र दिलेल्यांत ७१ टक्के, फक्त औषध ६१, फक्त वर्तनोपचार ४३, बिनऔषधाची गोळी ३५. म्हणजे औषधाचा उपयोग होतो. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने असाही ठळक इशारा दिला की नैराश्यविरोधी औषधं सुरू केल्यावर काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून पहिले काही आठवडे जवळून लक्ष ठेवायचं, लवकर लवकर तपासणी करायची, आणि आधी बायपोलर, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह आलटून पालटून येणारा आजार, तर नाही ना हे पाहायचं. बहिणीची भीती अगदीच निराधार नाही, पण त्यावर उपाय देखरेख हा आहे. न नेणं हा नाही.

आणि एक खंत. तीव्र कंडक्ट डिसऑर्डर किंवा व्यसन असलेल्या मुलांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. ज्यांच्याबद्दल हा धागा आहे, तीच मुलं पुराव्यातून वगळलेली.

वर्तुळ
मुलांच्या गटांसोबत काम करतो. वगळलेल्या मुलांवर अगदीच काही झालं नाही असं नाही, फक्त निकाल अवघड आहेत.

नैराश्य आणि कंडक्ट डिसऑर्डर दोन्ही असलेल्या, बालन्याय यंत्रणेतून आलेल्या ९३ किशोरवयीनांवर पॉल रोड आणि सहकाऱ्यांनी गटउपचाराची चाचणी केली, २००४ सालचीच. नैराश्यावरचा अभ्यासक्रम घेतलेल्यांपैकी ३९ टक्के उपचार संपताना नैराश्यातून बाहेर आले, तुलनेच्या गटातले १९ टक्के. पण सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासलं तेव्हा गटांमधला हा फरक टिकला नव्हता, आणि वागण्याच्या तक्रारींवर पहिल्यापासूनच फरक पडलेला नव्हता. नैराश्य उतरलं की हिंसा आपोआप थांबेल या आशेवर बसू नका, हे मला यातून दिसतं. नैराश्यावर उपचार करायचे ते मूल यातना भोगतंय म्हणून. हिंसेवर वेगळं काम करायचं, त्याच वेळी.

ते काम कसं असतं याचा एक नमुना. शिकागोतल्या 'बिकमिंग अ मॅन' या कार्यक्रमात मुलांच्या जोड्या लावतात. एकाच्या हातात चेंडू, दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो मिळव. मुलं तुटून पडतात. बोटं पिरगाळतात, खाली पाडतात. मग भूमिका बदलून पुन्हा तेच. शेवटी मार्गदर्शक शांतपणे विचारतो, 'कुणी मागून का पाहिला नाही?' मुलं म्हणतात, 'दिला नसता. मला भित्रा समजला असता.' मग तो दुसऱ्याला विचारतो, 'मागितला असता तर?' 'दिला असता की, नुसता चेंडू तर आहे.' मनोवेध यांनी सांगितलेलं हेतू वाईट धरून चालणं इथे मुलाला स्वतःच्या हातापायांत सापडतं. भाषणाने ते सापडत नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनुसार कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. कार्यक्रम संपल्यावर अटकांवरचा परिणाम ओसरला. तिथल्याच बालबंदीगृहात याच धर्तीवर काम झालं, तेव्हा मुलं परत आत येण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी झालं. ओसरला म्हणून फुकट गेला असं मी मानत नाही. त्या काळात ज्यांना मार बसला नाही ती माणसं खरी आहेत. पण चार महिने कार्यक्रम, मग निधी संपला, मग अहवाल, हा प्रकार थांबला पाहिजे.

रातराणी
वर्तुळ, 'त्या काळात ज्यांना मार बसला नाही' हे पटलं. माझी एक अट मात्र आहे: त्या मुलाच्या उपचारांची माहिती जिथे नोंदवली जाते तिथेच, त्याच पानावर, ज्याला इजा झाली त्याच्या उपचारांचंही विचारलं गेलं पाहिजे. ओंजळ, भावाशी बोलले. जायला तयार आहे.

ओंजळ
रातराणी, हे वाचून फार बरं वाटलं. तुमची अट मी आमच्या बैठकीत तशीच मांडणार आहे.

न्यायवाट यांच्या मुद्द्यावर शेवटचं लिहिते, कारण तोच रोज आडवा येतो. आत आलेल्या प्रत्येक मुलाची पहिल्या एक-दोन दिवसांत चाळणी व्हायला हवी. त्यासाठी साधनं आहेत. 'मेझी-२' ही बावन्न हो-नाही प्रश्नांची चाचणी दहा-पंधरा मिनिटांत होते. त्यात राग-चिडचिड आणि नैराश्य-चिंता अशा वेगवेगळ्या मोजपट्ट्या आहेत, आत्महत्येच्या विचारांची स्वतंत्र आहे. ते निदान नव्हे, कुणाकडे आधी लक्ष द्यायचं तेवढं कळतं. आणि ती एकदाच करून भागत नाही. पहिल्या रात्री अटकेचा धक्का असतो, नशा उतरत असते. खरं चित्र दोन-तीन आठवड्यांनी दिसतं, म्हणून तेव्हा पुन्हा, आणि न्यायालयात काही प्रतिकूल घडलं की लगेच पुन्हा.

उत्तरांचं काय होणार हे मी पहिल्या प्रश्नाआधी मुलाला सांगते. गुन्हा कसा केलास ते मला नको. झोप, भूक, मन यांबद्दल जे सांगशील ते उपचार करणाऱ्यांपुरतं राहील. पण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचा बेत सांगितलास तर मी गप्प बसणार नाही, तुला सांगूनच पुढे कळवेन. हे ऐकून काही मुलं उठून जातात. जाऊ देते. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बोलावते.

चाळणीची उत्तरं खटल्यात पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत, असा लेखी नियम असल्याशिवाय ती सुरूच करू नये, या मताची मी आहे. न्यायवाट, अशा नियमाचा मसुदा कसा असावा, यावर तुम्ही वेगळा धागा काढाल का? कामावरचे आम्ही तीन-चार जण त्यात लिहू.